मोकळं टोक

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझा अर्ज सरांच्या टेबलावर होता तिथेच आहे. आज त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला होता. सरांनी कप उचलला तेव्हा खाली गोल डाग दिसला, आणि डागाच्या बरोबर मधे 'मला कार्यमुक्त करावे ही विनंती'. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "अरे राजा, माझं लक्ष आहे. जुळलं की सुटलास."

हे वाक्य मी वर्षभर ऐकतोय. जुळायचं काय, तर आलेखावरच्या दोन रेघा. मी कॉम्प्युटरवर एक मॉडेल चालवतो. त्यात सेल्युलोजचे धागे आहेत, म्हणजे शेतातलं काड, लाकूड, कागद हे सगळं ज्याचं बनलेलं असतं ते. आणि ते धागे तोडणारी एन्झाइमं आहेत. एन्झाइम धाग्याचं मोकळं टोक पकडतं, आपल्या पोटातल्या बोगद्यात ओवून घेतं आणि पुढे सरकत साखरेचे बारके तुकडे पाडत जातं. काडाची अशी साखर करून तिचं इंधन करणारा एक कारखाना उभा राहणार आहे. टाक्या केवढ्या बांधायच्या ते आमच्या मॉडेलवरून ठरेल. खालच्या मजल्यावर बरणी हेच काम खऱ्या एन्झाइमवर आणि खऱ्या कागदावर करून बघते. माझी साखरेची रेघ चढत जाते. तिची थोडी चढते आणि मग जेवण झाल्यासारखी आडवी होते. या दोन रेघा एकमेकींवर बसल्या की मी मोकळा.

बरणी हे तिचं नाव नाही. बिस्किटं, बटणं, एन्झाइमं, औषधाच्या गोळ्या, सगळं ती काचेच्या बरण्यांत ठेवते म्हणून मी ठेवलेलं. ती मला दादा म्हणते आणि माझ्या मॉडेलला 'तुमचा खेळ'.

बायको गुरांची डॉक्टर आहे. तिला मागच्या वर्षी दुसऱ्या गावी नोकरी लागली. ती आणि भिंगरी (आठ वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी) पुढे गेल्या, मी तीन महिन्यांत जाणार होतो. तिथल्या कॉलेजात माझी जागाही ठरली आहे, फक्त इथून सुटल्याचा कागद हवा. घर सोडलं, सामानाची खोकी दोरीने बांधून तिकडे पाठवली आणि मी ही खोली घेतली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. तात्पुरतीच म्हणून घेतली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हणजे भिंगरीचा फोन. मी तिला एन्झाइमची गोष्ट सांगतो. तिच्यासाठी तो किडा आहे. किडा दोरीवरून चालतो, दोरी खातो आणि मागे साखर टाकत जातो. दर रविवारी थोडा थोडा पुढे जातो.

"कुठे पोचला?" तिने फोन उचलल्या उचलल्या विचारलं.

"वाटेत दुसरी दोरी आडवी आलीय. तिच्यापुढे उभा आहे."

"मग मागे फिरायचं."

"त्याला मागे फिरता येत नाही गं. दोरी पोटातून ओवलेली असते ना."

"हात्तिच्या!" म्हणाली. मग शाळेतल्या प्रदर्शनाचं सांगितलं. पाच एप्रिलला आहे, शनिवारी. तिला काड्यापेट्यांचा किडा करायचाय, लोकरीची दोरी त्याच्या पोटातून ओवलेली, आणि मागून खरी साखर पडली पाहिजे. ते यंत्र मी येऊन करून द्यायचं.

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. त्याच्या आधीच कायमचा येतोय मी."

"कागद मिळाला तर," ती म्हणाली. हे ती आईकडून शिकली असणार. मी म्हटलं, कागद मिळणारच आहे.

फोन ठेवल्यावर छान वाटलं. कुणाला तरी माझ्या कामाचा पुढचा भाग ऐकायचाय, ही काही लहान गोष्ट नाही. संस्थेत तसं कुणी विचारत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बरणीची नवी रेघ आली. पुन्हा आडवी. अशी चीड आली! मी आठवडाभर मॉडेल तासून ठेवतो आणि ही बाई आपली तीच झोपलेली रेघ घेऊन वर येते. सर म्हणतात तिचे हात कच्चे आहेत. मलाही तसंच वाटायला लागलंय. नाचता येईना अंगण वाकडं.

"दादा, एकदा खाली येऊन बरण्या बघा ना," ती म्हणाली.

"बरण्या बघून काय होणार? आकडे दे."

"आकडे दिलेच आहेत. म्हणून तर म्हणते बघायला या."

गेलो नाही. गेल्या दोन वर्षांत तिच्या प्रयोगशाळेत गेलोय कुठे मी? तिथे वास येतो आणि बसायला स्टूल असतं.

संध्याकाळी सरांनी माझ्या टेबलाशी एक विजेची किटली पाठवली. नवीकोरी. म्हणाले, चहासाठी खाली-वर करू नकोस, तुझा वेळ मोलाचा आहे. हे मॉडेल तुझ्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही असंही म्हणाले, आणि तेही दोघातिघांच्या देखत. खोटं कशाला लिहू, मी फुगलो. सरांचा जीव आहे माझ्यावर.

२३ फेब्रुवारी, रविवार

बायकोने या वेळी 'कधी येतोस' विचारलं नाही. मी कॉलेजचं विचारलं तर म्हणाली, "जागा एप्रिलपर्यंत ठेवतो म्हणालेत." मी म्हटलं, सर फार अडवत नाहीयेत, फक्त जुळायचा अवकाश आहे. म्हणाली, "हं." पूर्वी याच वाक्यावर अर्धा तास भांडण व्हायचं. आता समजूतदार झालीय. लांब राहून माणसाला एकमेकांची किंमत कळते म्हणतात, ते खरं असावं.

माझी खोकी तिने माळ्यावर चढवली. खोलीत तिला अभ्यासाचं टेबल टाकायचं होतं, भिंगरीसाठी. बरोबरच आहे, माणूस येईपर्यंत खोकी पायात कशाला हवीत?

भिंगरीने किड्याचं विचारलं. मी म्हटलं, अजून उभाच आहे. "अजून?" म्हणाली, आणि लगेच कुठल्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं सांगत बसली.

३ मार्च, सोमवार

आज गेलो खाली. स्वतःहून नाही, संगणकांची वीज दुरुस्तीसाठी दुपारभर बंद होती आणि भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरणीच्या बरण्या बऱ्या म्हटलं.

तिने मला स्टूल दिलं आणि दोन बरण्या समोर ठेवल्या. दोन्हीत गाळणीच्या कागदाचे तुकडे, पाण्यात फुगलेले.

"या बरणीत साखर बनायची थांबली," ती म्हणाली. "अर्धा कागदही संपलेला नाही. आता तुमचे सर काय म्हणतात?"

"तुझेही सर आहेत ते. म्हणतात, एन्झाइम मेलं असेल. नाहीतर उरलेला कागद चिवट असेल."

"हां. मग मी काय केलं, हा थांबलेला कागद धुतला. चिकटून बसलेलं सगळं एन्झाइम सोडवून काढलं, आणि त्याच कागदावर ताजं घातलं. ही ती दुसरी बरणी. पहिल्या दिवसासारखी पळाली."

"म्हणजे एन्झाइम मेलं होतं."

"थांबा ना. धुऊन काढलेलं मी टाकलं नाही. ते कोऱ्या कागदावर घातलं. तेही पळालं!" तिने टेबलावर हात आपटला. "कागद ठणठणीत आहे, एन्झाइम ठणठणीत आहे, आणि दोघं मिळून काही करत नाहीत. दादा, ते नुसते अडकून बसलेत. पुढे अडथळा, मागे दुसरा येऊन उभा, त्याच्या मागे तिसरा. दोरी पोटात, सोडवतही नाही."

मी बराच वेळ त्या बरणीकडे पाहत बसलो. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. ओला कागद होता. पण छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं झालं, का ते सांगता येत नाही. खाली हवा कोंदट असते.

वर येताना मनात एकच प्रश्न होता. माझ्या मॉडेलमध्येही अडथळे आहेत. मीच पेरलेत. मग माझे का अडकत नाहीत?

५ मार्च, बुधवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मॉडेलचा मी लिहिलेला भाग दोन दिवस उसवून बघितला, काही सापडलं नाही. मग जुन्या भागात शिरलो. हा भाग सरांनी स्वतः तरुणपणी लिहिलेला. त्याला कुणी हात लावत नाही, म्हणजे मी लावत नाही. चालतंय ना, मग कशाला? आपल्याकडे ही रीतच आहे, चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घालायचा नाही.

तिथे एक ओळ आहे. तिचा अर्थ असा: जो बराच वेळ हलला नाही त्याला उचल आणि दुसऱ्या एखाद्या धाग्याच्या मोकळ्या टोकाला नेऊन ठेव. आणि तिच्यापुढे सरांनी स्वतःसाठी एकच शब्द लिहून ठेवलाय. 'तात्पुरतं.'

इतकी वर्षं माझे किडे अडकतच होते. आणि दर वेळी एक अदृश्य हात येऊन त्यांना अलगद सोडवून नव्या दोरीवर ठेवत होता. मग रेघ चढेल नाहीतर काय होईल? मला हसू आलं, आणि हसता हसता थांबता येईना, तेव्हा उठून तोंड धुऊन आलो.

६ मार्च, गुरुवार

जुळलं!

ती ओळ काढली आणि मॉडेल चालवलं. रेघ थोडी चढली, वाकली, आडवी पडली. बरणीची रेघ तिच्यावर ठेवली तर दोघी जावा एका पाटावर बसल्यासारख्या बसल्या. खाली पळत गेलो, दोन दोन पायऱ्या उतरत. बरणीने पाहिलं आणि डोळे पुसले. "म्हणजे माझे हात कच्चे नाहीत," एवढंच म्हणाली. मी तिच्याबद्दल काय काय बोललोय ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोला लगेच फोन लावला. ती एका गाभण गाईपाशी होती, पण ऐकलं. "खरंच?" म्हणाली. तिचा तो 'खरंच' मी वर्षभर ऐकला नव्हता. भिंगरीला सांग म्हटलं, काड्यापेट्या जमवायला लाग.

उद्या सरांना सांगतो. जुळलं की सुटलास!

७ मार्च, शुक्रवार

सरांनी दोन्ही रेघा पाहिल्या. मग उठून दार लावून घेतलं. मला वाटलं, पाठ थोपटतील.

"ती ओळ कुणी काढायला सांगितली?"

"सर, ती ओळ चूक आहे. ती असेपर्यंत कुणी अडकतच नाही."

"मला माहीत आहे ती काय करते. मी लिहिलीय." खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "तेव्हाचे कॉम्प्युटर केवढे होते? सगळी एन्झाइमं एकामागे एक अडकून बसायची आणि मॉडेल जिथल्या तिथे थांबायचं. माझ्या गुरूंना दाखवायला काहीतरी हलतं हवं होतं. दाखवलं. त्यांना आवडलं. मग छापून आलं. मग त्याच्यावर ही खोली मिळाली, हा विभाग मिळाला, तू मिळालास."

"पण जुळलं, सर."

"राजा, तिचं आपल्याशी जुळायला हवं होतं. आपलं तिच्याशी नव्हे."

सरांच्या मानेला घाम आला होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि रागाऐवजी मला त्यांची दया आली. ही माझी जुनी खोड आहे.

चार एप्रिलला कारखान्याची माणसं येणार आहेत. तोपर्यंत ओळ परत घाल म्हणाले. ती माणसं आलेख बघून गेली की त्याच दुपारी अर्जावर सही. "मग तू तुझ्या घरी, मी माझ्या निवृत्तीत. नंतर हवं ते काढ, हवं ते घाल."

चार एप्रिल म्हणजे प्रदर्शनाचा आदला दिवस. संध्याकाळची बस धरली तर सकाळी पोचतो. एका ओळीचा तर प्रश्न आहे.

१६ मार्च, रविवार

ओळ परत घातली. रेघ पुन्हा चढायला लागली. घालताना बोटाने एक कळ दाबायची असते, त्याला काही ताकद लागत नाही.

बरणीला अजून सांगितलेलं नाही. जिन्यात दिसली की मी घड्याळ बघतो.

बायकोला सांगितलं की सही चार तारखेला. तिने विचारलं, "जुळलं होतं ना?" मी म्हटलं, थोडं तांत्रिक आहे. "बरं," म्हणाली. मी म्हटलं, रागावलीस का? म्हणाली, "नाही रे. दूध उतू जातंय, ठेवते."

भिंगरीशी थोडं बोलणं झालं. ती किड्याऐवजी गाईचं पोट करतेय. गाईच्या पोटात चार कप्पे असतात आणि पहिल्यात लाखो जंतू बसलेले असतात, तेच गवत पचवतात, गाईला स्वतःला येत नाही. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. आईने शिकवलंय.

"आणि किडा?"

"तो उभाच आहे ना," ती म्हणाली. "आणि गाईचं पोट आत्ता होतंय."

गाईचं पोट सोपं आहे, पुठ्ठ्यात होतं. तिचं तिने ठरवलं हे चांगलंच झालं, मूल मोठं होतंय. मी किड्याची गोष्ट पुढे सांगायला घेतली, पण ती फोन आईच्या हातात देऊन गेली होती.

२७ मार्च, गुरुवार

सरांनी आज मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. अक्षरशः. "बस रे, बघ कशी वाटते." मागे डोकं टेकायला उशी आहे. खिडकीतून झाड दिसतं, माझ्यासारखी भिंत नाही. म्हणाले, जायची घाई कशाला करतोस, मी निवृत्त झाल्यावर इथे दुसरं कोण बसणार? कुटुंबाला इकडे आण. गुरं काय, सगळीकडे असतात.

मी 'विचार करतो' म्हटलं. हे मी का म्हटलं? जायचं ठरलेलं असताना विचार कसला? पण खुर्ची खरंच चांगली आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

मग म्हणाले, बरणीकडून एक कागद घे. तिच्या प्रयोगात हाताळणीच्या चुका होत्या असं तिने लिहून द्यावं. तुझं ती ऐकेल.

खाली गेलो. ती बरण्या विसळत होती. मी शब्द जुळवत उभा राहिलो.

"दादा, ओळ परत घातलीत ना?" तिनेच विचारलं. पाठ माझ्याकडेच होती.

"चार तारखेपर्यंत."

"बरं. आणि मी काय लिहून द्यायचंय?"

दगडाखाली हात सापडला की माणूस हलक्या हाताने ओढून बघतो, तसा मी हसलो. सांगितलं. तिने नळ बंद केला.

"तुम्ही सांगा लिहायला," ती म्हणाली. "सरांचा निरोप म्हणून नको. तुम्ही म्हणा, बरणी, तुझे हात कच्चे आहेत. मग लिहिते."

तिला मी ठेवलेलं नाव माहीत होतं. मी तसाच वर आलो. सरांना सांगितलं, ती विचार करतेय.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळीच बॅग भरून बरोबर नेली. सही झाली की इथूनच बस.

कारखान्याच्या बाई आल्या. सगळं बांधकाम त्यांच्याकडे आहे. बुटांना चिखल, आणि बोलणं थेट. बरोबर दोन माणसं, वह्या उघडून बसलेली. बरणीला सरांनी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिच्या मांडीवर ती बरणी होती, अर्धा कागद शिल्लक असलेली. लिहून काही दिलं नव्हतं तिने.

मी आलेख दाखवला. रेघ चढत गेली. सर मान डोलवत होते. संपवून पाणी प्यायला लागलो तेवढ्यात बाईंनी विचारलं, "हे मधे कुठे अडकत नाहीत का?"

"नाही," सर म्हणाले.

"नाही कसे? आमच्याकडे पाइपातून साधं काड जाताना अडकतं. हे तर एवढेसे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय बोलायचं ते त्यांनी सकाळी सांगितलं होतं, आणि मी तेच बोलणार होतो, शपथेवर सांगतो. बॅग टेबलाखाली माझ्या पायाला लागत होती. पण तोंडातून निघालं ते असं: "अडकतात. आम्ही उचलून ठेवतो."

"कोण उचलतं?"

"प्रोग्रॅम. अडकलेल्याला उचलतो आणि मोकळ्या टोकाला नेऊन ठेवतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि माझ्या टाकीत कोण उचलणार?"

मग मी ओळ काढलेला आलेख उघडला. आणि बरणीला म्हटलं, तुझी रेघ सांग. ती उठली, बरणी टेबलावर ठेवली आणि सांगत गेली. कागद धुतला, ताजं घातलं, जुनं कोऱ्या कागदावर नेलं. एकदाही अडखळली नाही. मला कारखान्याची माणसं वैतागतील असं वाटत होतं. बाई उलट म्हणाल्या, "टाकीचा पाया अजून घातलेला नाही, नशीब. हा धुण्याचा प्रकार मला नीट समजावून सांगा." आणि बरणीबरोबर खाली गेल्या. त्या स्टुलावर बसल्या असतील.

सर आणि मी उरलो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू मला आधी सांगायचं होतंस," म्हणाले.

"सांगितलं होतं, सर."

"पुन्हा सांगायचं." आवाज अगदी बारीक झाला होता. मग त्यांनी माझा अर्ज उचलला, डागासकट, आणि खणात ठेवला. "सोमवारी बघू."

बस गेली. बायकोला कळवलं, सरांची सही राहिली, उद्या कदाचित शनिवारचे येतील. तिने म्हटलं, "प्रदर्शन उद्याच आहे." मी म्हटलं, माहीत आहे गं, म्हणून तर जीव तुटतोय.

५ एप्रिल, शनिवार

सकाळीच ऑफिसात जाऊन बसलो. सर शनिवारी कधीकधी येतात. इमारतीत कुणी नव्हतं. बॅग पायाशी घेऊन बसलो, चहा केला, सरांच्या दाराकडे बघत राहिलो. दाराला कुलूप होतं.

दुपारी बरणी आली, तिला बरण्यांतला कागद बदलायचा होता. मला बघून थबकली.

"दादा? आज भिंगरीचं प्रदर्शन ना?"

"सही व्हायचीय."

तिने कुलपाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. बिस्किटांची बरणी माझ्यापुढे ठेवली आणि गेली.

सर आले नाहीत. संध्याकाळी बायकोचा फोन आला. गाईच्या पोटाला दुसरं बक्षीस. सगळ्या मुलांनी त्यातल्या चौथ्या कप्प्यात हात घालून बघितला म्हणे.

"मला विचारलं का तिने?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही रे. सकाळपासून नाही." मग म्हणाली, "मला वाटलं होतं विचारेल."

ती रागावून बोलली नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. पोटातून ओढून काढल्यासारखं झालं. मी रडलो, ऑफिसात, किटलीसमोर. सरांच्या दाराचं कुलूप मला तिथून स्वच्छ दिसत होतं, आणि माझ्या मागचं दार, जिन्याकडचं, बरणी उघडंच टाकून गेली होती. बॅग उचलली.

६ एप्रिल, रविवार

हे मी त्यांच्या घरात लिहितोय. आमच्या घरात.

सकाळी बसमधून उतरलो. पत्ता पाठ होता, पण वळण चुकलो, एका दुकानदाराला विचारावं लागलं. दार भिंगरीने उघडलं. उंच झालीय, फोनवर कळत नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे.

"कागद मिळाला?"

"नाही."

"मग कसा आलास?"

"कसा म्हणजे? स्टँडवर गेलो, बसमध्ये बसलो."

तिने थोडा वेळ विचार केला. एका जागी उभी राहून, भिंगरी असून. मग अगदी साधेपणाने, गणित विचारावं तसं विचारलं, "मग आधी का नाही बसलास?"

मी उत्तर शोधत उभा राहिलो. कॉलेज, नियम, सर, कारखाना, सगळं होतं माझ्याकडे, वर्षभराचं. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत ऐकत होती. तिलाही उत्तर हवं होतं असं वाटलं. "सांगतो," म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

चहा झाला. कॉलेजचं बायको म्हणाली, उद्या जाऊन प्राचार्यांशी बोल, कागदाचं नंतर बघतील किंवा नाही बघणार, उपाशी मरत नाही आपण. मी म्हटलं, सरांना फोन करून कागद पोस्टाने मागवतो. ती हसली, पण कुठल्या तऱ्हेचं ते कळलं नाही.

दुपारी माझे कपडे हवे होते म्हणून माळ्यावर चढलो. खोक्यांवर गाईचं पोट ठेवलेलं होतं, रंगवलेलं, चारी कप्पे, कडेला बक्षिसाची फीत. ते जपून खाली भिंगरीच्या हातात दिलं. तिने ते कुठे ठेवावं म्हणून खोलीभर पाहिलं, मग आपल्या टेबलावरची पुस्तकं सरकवली.

खोकी खाली काढली. वर्षभरापूर्वी मीच बांधलेली, दोऱ्यांना गाठीवर गाठी. नखांनी एकही सुटेना. कात्री आणायला उठलो, स्वयंपाकघरातले दोन खण उघडले, मग बाहेरच्या कपाटाशी आलो आणि तिथे थांबलो.

"भिंगरी," मी हाक मारली, "आपल्याकडे कात्री कुठे असते?"